ऑटोमॅटिक ३००डी ला साधा गिअरबॉक्स बसवायचाय? आधी हे वाचून घ्या

माझी गाडी मर्सिडीज ३००डी, १९८२ चं मॉडेल, डब्ल्यू १२३ बॉडी. आमच्या विटा-खानापूर पट्ट्यातली गलाईवाली मंडळी सोनं-चांदी गाळायला देशभर पसरलेली आहेत हे तुम्हाला माहीतच असेल, त्यातल्याच एका काकांनी दिल्लीत असताना एसटीसीच्या (सरकारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या) लिलावातनं, म्हणजे वकिलातीतल्या जुन्या गाड्या विकायला निघायच्या तिथनं, ही उचललेली. काका गावाकडं परत आले तेव्हा गाडीपण आली आणि मग बरीच वर्षं गोठ्याशेजारी पत्र्याखाली उभी. मी घेतली तेव्हा इंजिन ग्लो प्लग तापल्याबरोबर चालू झालं, काही तक्रार नाही, पण ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची वाट लागलेली. दुसऱ्यातनं तिसऱ्यात जाताना नुसतं इंजिन ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही. पुण्यात दोन ठिकाणी दाखवलं, एकानं उघडून बघायचेच पैसे एवढे सांगितले की मी चहा न पिता परत आलो.

मग ठरलं, मॅन्युअल गिअरबॉक्स बसवायचा. २४०डी चा चार गिअरचा. गिअरबॉक्स चढवायला खरं तर दोन दिवस लागले, पण त्याच्याभोवतीच्या बारक्यासारक्या गोष्टींनी सात महिने खाल्ले. ते सात महिने तुमचे वाचावेत म्हणून हे लिहितोय.

१. आधी हे नीट समजून घ्या, काय बसतं आणि का बसतं

३००डी मध्ये ओएम ६१७ इंजिन, पाच सिलिंडर, ३ लिटर डिझेल. २४०डी मध्ये ओएम ६१६, चार सिलिंडर, २.४ लिटर. दोन्ही एकाच घरातली भावंडं, त्यामुळं इंजिनच्या मागच्या तोंडाची बोल्टची भोकं तीच. म्हणजे बारक्या भावाचा गिअरबॉक्स थोरल्याला सरळ बसतो, मधे प्लेट बनवायची नाही, वेल्डिंग नाही. बॉडी पण तीच असल्यामुळं बोगदा, म्हणजे फरशीचा मधला उंचवटा ज्याखाली गिअरबॉक्स बसतो, तो पण तोच.

लोक लगेच विचारतात, मोठ्या इंजिनला लहान गाडीचा गिअरबॉक्स टिकेल का. बिगर टर्बो ३००डी चा टॉर्क १७२ न्यूटन मीटर, २४०डी चा १३७. फरक आहे, पण युरोपात ३००डी कंपनीतनंच चार गिअरच्या मॅन्युअलवर मिळायची, त्यामुळं बिगर टर्बो असेल तर झोपा निवांत. टर्बोवाली गाडी असेल तर क्लचचा वेगळा विचार करायला लागतो, त्यात मी हात घातलेला नाही.

आता आपल्याकडचा एक ठरलेला सल्ला. "ट्रॅक्सचा गिअरबॉक्स लाव की, इंजिन तर तेच आहे." बजाज टेम्पोनं, म्हणजे आताच्या फोर्स मोटर्सनं, ओएम ६१६ चं लायसन घेऊन ते इंजिन ट्रॅक्स न ट्रॅव्हलरमध्ये घातलं हे खरंय. मी पण ट्रॅक्सच्या गाडीखाली टेप घेऊन झोपलो होतो. पण तो गिअरबॉक्स ओझं ओढणाऱ्या गाडीचा, लिव्हर भलतीकडंच येतो, मागची जोडणी जुळत नाही, म्हणजे बोगदा कापा, मागच्या चाकांकडं जाणारा शाफ्ट बनवा, गिअरबॉक्सला खालनं आधार देणारी आडवी पट्टी (क्रॉसमेंबर) बनवा. एवढं कापाकापीचं काम करायला माझं मन झालं नाही. तुमचं होत असेल तर तुम्ही वेगळ्या लेखाचे वाचक आहात.

अजून एक, हायवेला इंजिन शांत चालेल या आशेनं हे करत असाल तर थांबा. ऑटोमॅटिकचा चौथा पण सरळ एकास एक आणि मॅन्युअलचा चौथा पण एकास एक. डिफरन्शिअल, म्हणजे मागच्या चाकांमधला गिअरचा डबा, माझ्या गाडीत ३.४६ चं आहे, त्यावर ८० ला साधारण २३५० आरपीएम पडतात, आधी पण आणि आता पण. फक्त कन्व्हर्टरचं (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी तेलावर चालणारा डबा असतो त्याचं) घसरणं गेलं. काही जण २४०डी चं ३.६९ चं डिफरन्शिअल पण सोबत घालतात, मग तेच ८० ला २५०० च्या आसपास जातं. चढाला बरं, पण पेठनाक्यावरनं पुण्याला जायचं असेल तर कान किटतात. मी ३.४६ च ठेवलं. शांत हायवे पाहिजे असेल तर १९८२ पासून आलेला पाच गिअरवाला शोधा, मिळाला तर नशीबवान, मला नाही मिळाला.

२. कागद

आरसीवर इंजिन नंबर असतो, चासी नंबर असतो, गिअरबॉक्सचा नंबर नसतो. आपण इंजिनला हात लावत नाही त्यामुळं आरसीवरचं काही बदलत नाही. हे मुद्दाम सांगतोय कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये आरसीवरचे तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाहीत असा बदल करायला मनाई आहे, आणि बरेच जण गिअरबॉक्ससोबत "जाता जाता" इंजिनपण दुसरं घालतात न मग पासिंगला नंबर जुळत नाही म्हणून डोकं धरून बसतात. जाता जाता काही करू नका.

जवळ ठेवायचे कागद:

- आरसी, आणि १५ वर्षांनंतरचं नूतनीकरण झालेलं असल्याची खात्री (दर ५ वर्षांनी करायला लागतं)
- विमा. कंपनीला एका ओळीचं पत्र किंवा मेल टाका की गिअरबॉक्स बदललाय, पोच ठेवा
- पीयूसी
- भंगारवाल्याची पावती, त्यावर ज्या गाडीतनं सामान काढलं तिचा चासी नंबर. हे घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, चोरीचा माल निघाला तर तुम्ही सांगलीत आणि तो मुंबईत
- काम चालू असतानाचे फोटो

५० वर्षं झालेल्या गाड्यांना २०२१ च्या नियमानं व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण गाडी मूळ स्वरूपात पाहिजे, चासी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. माझी २०३२ ला पन्नाशीत जाईल. त्यामुळं जुना ऑटोमॅटिक, त्याचा कन्व्हर्टर, शाफ्ट, लिव्हर सगळं मी पेटीत तेल लावून ठेवलंय. बायको म्हणते ती पेटी कॉटखालनं काढा. नाही काढणार.

३. सामान: एकाच गाडीतनं, एकदम

माझी सगळ्यात मोठी चूक इथं झाली. मी आधी नुसता गिअरबॉक्स घेतला, कुर्ल्याच्या भंगार बाजारातनं, स्वस्तात मिळाला म्हणून खूश. मग पेडल पाहिजे म्हणून परत गेलो. मग शाफ्ट. मग कळलं लिव्हरच्या तीन काड्यांपैकी एक दुसऱ्याच मॉडेलची दिलीय. सांगली-मुंबई किती वेळा झालं मोजायचं सोडून दिलं. शेवटी एका भंगारवाल्याकडं अख्खी २४०डी कापायला आलेली दिसली, तिच्यातनं उरलेलं सगळं उचललं आणि ते एका दिवसात झालं.

यादी हातात घेऊन जा आणि गाडीखाली स्वतः वाकून बघा:

- गिअरबॉक्स, बेल हाउसिंगसकट (इंजिनला जोडणारं पुढचं घंटेसारखं आवरण)
- फ्लायव्हील आणि त्याचेच बोल्ट (नमुन्यासाठी, बसवायला नवे लागतात)
- क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, फोर्क, रिलीज बेअरिंग. जुने घ्या मापासाठी, बसवताना नवे
- पेडल असेंब्ली, उजव्या स्टिअरिंगची. डाव्या स्टिअरिंगची गाडी भंगारात दिसली तर पेडल सोडून बाकीचं घ्या
- क्लच मास्टर सिलिंडर (पेडलनं तेल दाबणारा), खालचा स्लेव्ह सिलिंडर (त्या दाबानं क्लच ढकलणारा), स्लेव्ह आणि गिअरबॉक्समधली प्लास्टिकची पातळ पट्टी, पाइप
- ब्रेक ऑइलची टाकी, जिला बाजूला क्लचसाठी छोटी नळी काढलेली असते ती
- गिअर लिव्हर, तिन्ही काड्या, लिव्हरखालचं पॅनेल
- प्रॉपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सपासनं मागं डिफरन्शिअलकडं जाणारा) पुढचा तुकडा
- गिअरबॉक्सचा मागचा क्रॉसमेंबर आणि माउंटिंग
- स्पीडोमीटरची केबल
- रिव्हर्स लाइटचा स्विच, वायरच्या टोकासकट कापून

रबरी वस्तू, सील, बुश, शाफ्टच्या जॉइंटची रबर डिस्क हे सगळं नवं. पुण्यात नाना पेठेत फिरलात तर बरंच मापानं मिळतं, उरलेलं मागवायचं. किमती मी लिहीत नाही, भंगारवाला तुमचे बूट बघून भाव सांगतो.

गिअरबॉक्स बघताना वरनं हातानं इनपुट शाफ्ट फिरवा, प्रत्येक गिअर टाकून बघा, शाफ्ट वरखाली किती हलतो बघा, आणि खालचा बूच काढून बोट घाला. तेलात चांदीसारखी चमक असेल तर पुढच्या दुकानात जा.

४. हत्यारं

गोट्यांचा (सॉकेटचा) सेट आणि लांबलचक एक्स्टेंशन, कारण बेल हाउसिंगच्या वरच्या बोल्टला हात पोचत नाही, अर्धा मीटर एक्स्टेंशन लावून मागनं काढायला लागतात. २७ ची गोटी, पुढनं क्रँक फिरवायला. १४ ची ॲलन की, गिअरबॉक्सच्या बुचांना. टॉर्क पाना. शाफ्टच्या मधल्या नटासाठी दोन मोठे पाने. गाडी उचलून ठेवायला चार मजबूत घोड्या (स्टँड), विटा किंवा लाकडाचे ठोकळे चालणार नाहीत, खाली तुम्ही झोपणार आहात. ट्रॉली जॅक आणि त्यावर बांधायला फळी. व्हर्नियर. मल्टिमीटर. दीड-दोन मीटर पारदर्शक नळी. मार्कर आणि प्लास्टिकच्या पिशव्या.

खड्डा असेल तर सोन्याहून पिवळं. मी कुपवाड एमआयडीसीतल्या एका मिस्त्रींच्या खड्ड्यावर रविवारी काम केलं, ते शेजारी टेम्पो करायचे न मला अधनंमधनं शिव्या घालायचे. त्यातली एक शिवी फार कामाला आली, पुढं सांगतो.

५. जुना उतरवणं

बॅटरी काढा. एक्झॉस्ट मोकळा करून खाली घ्या. शाफ्ट काढायच्या आधी दोन्ही तुकड्यांवर मार्करनं नाही, पोगरानं (टोकदार पंचनं) खूण करा, मार्कर तेलानं पुसून जातो. ऑटोमॅटिकचं तेल पूर्ण काढा, कन्व्हर्टरचा बूच वेगळा असतो, तो विसरलात तर अंगावर आंघोळ आहे.

कन्व्हर्टरचे बोल्ट खालच्या झाकणातनं एकेक दिसतात, पुढनं २७ च्या गोटीनं क्रँक फिरवत एकेक काढा. कन्व्हर्टर गिअरबॉक्सबरोबरच खाली आला पाहिजे. एकटा गिअरबॉक्स ओढलात तर कन्व्हर्टर इंजिनला लटकतो न मग कुठंतरी पडतो, पायावर पडू नये एवढीच प्रार्थना.

इंजिनच्या चेंबरखाली (खालच्या तेलाच्या टाकीखाली) फळी ठेवून जॅक द्या, नाहीतर मागचा आधार गेला की इंजिन मागं कलतं आणि पुढचा पंखा रेडिएटरच्या आवरणाला घासतो. उतरवायला दोन माणसं पाहिजेतच. "मी एकटा करतो" असं म्हणणाऱ्याचं कंबरेचं बिल मी बघितलंय. माझंच होतं.

६. फ्लायव्हील, इथं घाई केलीत तर सगळं पाण्यात

हा भाग दोनदा वाचा.

ऑटोमॅटिकमध्ये इंजिनच्या मागं जाड फ्लायव्हील नसतं, पातळ पत्र्यासारखी प्लेट असते आणि तिला कन्व्हर्टर. मी ती प्लेट काढून बाजूला फेकली आणि २४०डी चं फ्लायव्हील लावायला घेतलं, तेवढ्यात मिस्त्री शेजारच्या टेम्पोखालनं ओरडले, "ओ मालक, चार सिलिंडरचं चाक पाच सिलिंडरला लावताय, बॅलन्स कोण करणार, तुमचा सासरा?"

तर गोष्ट अशी आहे. ही इंजिनं कंपनीत बॅलन्स करताना मागच्या प्लेटसकट केलेली असतात. म्हणजे तुमच्या क्रँकमध्ये जो काही बारीक तोल कमी-जास्त होता तो त्या प्लेटमध्ये भोक पाडून भरून काढलेला असतो. ती प्लेट काढून दुसऱ्या गाडीचं फ्लायव्हील लावलं की तो हिशोब गेला. गाडी चालते, पण ठरावीक आरपीएमला आरसे थरथरायला लागतात, पायाखाली मुंग्या येतात आणि पुढं क्रँकच्या बेअरिंगवर येतं.

म्हणून:

- प्लेट काढायच्या आधी क्रँक आणि प्लेट दोन्हीवर एका रेषेत पोगरानं खूण
- ती प्लेट आणि नवीन फ्लायव्हील दोन्ही बॅलन्सिंगवाल्याकडं न्या
- त्याला स्पष्ट सांगा की फ्लायव्हील शून्याला आणायचं नाही, जुन्या प्लेटमध्ये जेवढा तोल ज्या बाजूला आहे तेवढाच त्याच बाजूला फ्लायव्हीलमध्ये आणायचा
- फ्लायव्हीलवर पण जुळती खूण करून घ्या आणि बसवताना क्रँकच्या खुणेला लावा

बहुतेक दुकानदार "शून्य करून देतो, एकदम मस्त" म्हणतील. ते इथं चालत नाही. मला कोल्हापूरला उद्यमनगरात एक जुने कारागीर भेटले, त्यांनी अर्ध्या वाक्यात ओळखलं की काय पाहिजे, जुनी प्लेट मशीनवर चढवली, कागदावर काटा काढला, मग फ्लायव्हील. सांगली-साताऱ्यातल्या माणसानं अशा कामाला सरळ उद्यमनगर गाठावं, इंजिनाच्या कामात ती गल्ली फार पुढं आहे.

फ्लायव्हीलचं तोंड घासून घेणार असाल तर बॅलन्सच्या आधी घासा. आणि बोल्ट नवेच घ्या. हे बोल्ट ताणले जाणारे असतात, आधी टॉर्क न मग ठरावीक कोनात फिरवून बसवायचे, आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधनं घ्या, कुणाच्या तोंडून नको. पातळ प्लेटचे बोल्ट जाड फ्लायव्हीलला लावू नका, लांबी बघा.

७. पायलट बेअरिंग आणि क्लच

क्रँकच्या मागच्या टोकाला भोक आहे, मॅन्युअलमध्ये त्यात छोटी बेअरिंग बसते आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक तिच्यात फिरतं. ऑटोमॅटिकमध्ये ती नसते. ही विसरणारे खूप आहेत, कारण विसरलं तरी गिअरबॉक्स बसतो! मग हजार किलोमीटरला शाफ्ट डुलायला लागतो, सगळं परत खाली. व्हर्नियरनं भोक आणि शाफ्टचं टोक मापा, बेअरिंगच्या दुकानात साधी मिळते, दोन्हीकडनं सील असलेली घ्या.

क्लच प्लेटची कुठली बाजू कुठं ते प्लेटवरच लिहिलेलं असतं, उलटी लावू नका. मध्य साधायला लेथवर लाकडाची खुंटी करून घेतली, दहा मिनिटांचं काम.

८. पेडल आणि हायड्रॉलिक

हे गिअरबॉक्स चढवायच्या आधी करून टाका, डॅशखाली डोकं घालून उलटं झोपायचं काम आहे आणि दमल्यावर होत नाही. ऑटोमॅटिकचं रुंद ब्रेक पेडल असेंब्लीसकट निघतं, त्या जागी दोन पेडलवालं बसतं. क्लचचा मास्टर सिलिंडर या गाडीत आत पायाशी असतो, बाहेर बॉनेटखाली नाही. त्यामुळं तो गळायला लागला की तेल तुमच्या कार्पेटवर. जुना असेल तर किट टाकत बसू नका, नवा घ्या.

क्लचचं तेल ब्रेकच्या टाकीतनंच येतं. ऑटोमॅटिकच्या टाकीला ती बाजूची नळी नसते म्हणून वर यादीत टाकी आहे. तेल डॉट ४.

आता हवा काढणं. नेहमीसारखं पेडल मारून हवा काढायला गेलात तर संध्याकाळ होईल न पेडल जमिनीलाच राहील. मी दोन रविवार घालवले. खरी पद्धत उलटी आहे, खालनं वर: पुढच्या चाकाच्या ब्रेक कॅलिपरच्या निपलला पारदर्शक नळी लावा, एकानं हळू ब्रेक दाबून नळी तेलानं भरून घ्या, मग तिचं दुसरं टोक क्लच स्लेव्हच्या निपलला जोडा, दोन्ही निपल ढिले करा आणि एकानं ब्रेक हळूहळू दाबायचा. सोडायच्या आधी कॅलिपरचा निपल बंद, परत दाबताना उघडा. तेल खालनं क्लचच्या पाइपात चढतं आणि हवा टाकीत बुडबुडे होऊन निघते. टाकी भरून वाहणार नाही आणि रिकामी पण होणार नाही हे बघायला तिसरा माणूस, मी शेजारचं पोरगं बसवलं होतं. पंधरा मिनिटांत पेडल आलं. मिस्त्रींनी पण आयुष्यात पहिल्यांदा बघितलं म्हणाले, आणि ते सहसा असं काही कबूल करत नाहीत.

९. चढवणं

गिअरबॉक्स जॅकवर फळीला बांधा, गिअरमध्ये टाका म्हणजे मागनं फ्लँज फिरवून शाफ्टचे दाते क्लच प्लेटशी जुळवता येतात. इंजिन आणि गिअरबॉक्स एका रेषेत असेल तर हातानं ढकलून बसतो. नाही बसला तर बोल्टनं ओढून बसवू नका, कान तुटतो. आणि अर्धा आत गेलेला असताना त्याचं वजन शाफ्टवर सोडून चहाला जाऊ नका, क्लच प्लेटचं मधलं वाकतं.

लिव्हरच्या काड्या लावताना गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये, लिव्हरखालच्या तिन्ही पात्यांच्या भोकातनं एक सळई आरपार घाला, मग काड्यांची लांबी अशी करा की त्या न ओढता आपोआप बसतील. बुश नवे. जुन्या बुशवर लिव्हर असा हलतो की तिसरा कुठला न पहिला कुठला कळत नाही.

१०. प्रॉपेलर शाफ्ट

दोन तुकड्यांचा शाफ्ट, मधे बेअरिंग. मॅन्युअलचा पुढचा तुकडा वेगळ्या लांबीचा, मागचा तुमचाच. जोडल्यावर दोन्ही तुकडे एकत्र बॅलन्स करून घ्या, कारण ते एकमेकांसाठी बनलेले नाहीत.

मधला मोठा नट ढिला ठेवूनच गाडी घोड्यांवरनं उतरवा, चाकांवर वजन आलं की दोन-चार फूट मागंपुढं ढकला, मग तो नट आवळा. हवेत आवळला तर शाफ्ट चुकीच्या लांबीला अडकतो आणि रबर डिस्क लवकर फाटते.

११. व्हॅक्यूम, वायरिंग, रेडिएटर

गिअरबॉक्स बसला, शाफ्ट बसला, आनंदानं चावी मारली, इंजिन चालू झालं. बंद करायला चावी फिरवली, इंजिन चालूच. चावी काढून हातात घेतली तरी चालूच! मिस्त्री हसून खाली बसले.

या डिझेलचं इंजिन व्हॅक्यूमनं बंद होतं. ऑटोमॅटिकला पण एक व्हॅक्यूमची नळी जात होती, ती मी नुसती काढून सोडून दिलेली, त्यातनं सगळा व्हॅक्यूम गळत होता. दरवाज्यांचं सेंट्रल लॉकपण त्यावरच, ते पण मेलेलं. नळीला बूच मारला, दोन्ही सुरू. तोपर्यंत इंजिन बंद करायला बॉनेटखाली इंजेक्शन पंपाजवळ स्टॉपचा लिव्हर असतो, तो हातानं दाबा. पहिल्यांदा चालू करायच्या आधीच तो कुठाय बघून ठेवा.

वायरिंगमध्ये ऑटोमॅटिकचा स्विच असतो, त्यामुळं गाडी फक्त पी किंवा एन मध्ये चालू होते. तो स्विच गेला म्हणजे सर्किट तुटलं, सेल्फ मारणारच नाही. मल्टिमीटरनं त्या दोन वायरी शोधून जोडून टाका. पण मग गाडी गिअरमध्ये असली तरी सेल्फ मारते हे घरातल्या सगळ्यांना सांगा, आमच्यात एकदा गाडी तुळशी वृंदावनाच्या वीतभर अलीकडं थांबली. त्याच जुन्या स्विचमध्ये रिव्हर्स लाइटच्या पण वायरी होत्या, त्या नवीन स्विचला. एक्सलरेटरखालचा किकडाउनचा स्विच (पेडल पूर्ण दाबल्यावर ऑटोमॅटिकला खालचा गिअर टाकायला लावणारा) काढून वायरीला टेप मारा.

रेडिएटरच्या खालच्या टाकीत ऑटोमॅटिकचं तेल थंड करायचे दोन पाइप जात होते. पाइप काढा, तोंडांना बूच बसवा.

१२. तेल, आणि ९० नंबरचा मोह

आपल्याकडं गिअरबॉक्स म्हणलं की मिस्त्री डोळे झाकून ९० नंबरचं तेल ओततो. या गिअरबॉक्सला एटीएफ लागतं, तेच पातळ लाल तेल जे ऑटोमॅटिकमध्ये होतं. ९० ओतलं तर सकाळी सकाळी दुसरा गिअर पडायला दोन हात लागतील आणि सिंक्रो, म्हणजे गिअर न खरखरता पडायला मदत करणाऱ्या रिंगा, खराब होतात. तुमच्या भंगारातल्या गिअरबॉक्समध्ये पण आधीच्यानं ९० घातलेलं असू शकतं, वास घ्या, लगेच कळतं.

आणि तेल काढताना वरचा भरायचा बूच आधी उघडा. तो जाम असेल आणि तुम्ही खालचा काढून मोकळे झालात तर बिनतेलाचा गिअरबॉक्स घेऊन बसाल.

१३. पहिली चक्कर

मागची चाकं हवेत ठेवून चारही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघा, खालनं कुणीतरी कान लावून. मग कॉलनीत. कन्व्हर्टरचा भार गेल्यामुळं आयडल वाढलेलं वाटेल, जरा खाली घ्या. स्पीडोमीटर मोबाइलच्या जीपीएसशी ताडून बघा, केबल न डिफरन्शिअल वेगवेगळ्या गाडीचं असलं की काटा खोटं बोलतो.

मी पहिले दोनशे किलोमीटर सांगली-मिरज-तासगावच्या बाहेर गेलो नाही. मग एका पहाटे दंडोबाच्या चढाला घातली, दुसऱ्या गिअरवर काही न ओरडता चढली. त्यानंतरच खंबाटकी. ऑटोमॅटिक असताना त्या घाटात ट्रकवाले मला साइड मागायचे.

क्लच नवा आहे, पहिले पाचशे किलोमीटर चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवू नका, हँडब्रेक वापरा. पाचशेला परत खड्ड्यावर घ्या: शाफ्टचे आणि रबर डिस्कचे बोल्ट, माउंटिंग, स्लेव्हपाशी ओल आहे का, आणि आत कार्पेट उचलून मास्टर सिलिंडरखाली हात फिरवून बघा. माझ्यात एक डिस्कचा बोल्ट ढिला सापडला, म्हणजे मीच आवळायचा विसरलेला, कारण त्या वेळी घरनं जेवायला फोन आला होता.